फावड्याची अंगठी

हेझलफोर्डच्या कुठल्याही बारमध्ये कुणाच्या हातून ग्लास निसटून फुटला, की आजूबाजूचे एका सुरात म्हणतात, "झाला कोपचाक." पंचवीस वर्षे म्हणताहेत. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांचा १९३८ साली जन्मही झालेला नव्हता. कोपचाक हा हाडामांसाचा माणूस आहे, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवतो आणि पुष्कळदा त्याच बारच्या कोपऱ्यात बिअर पीत बसलेला असतो, हे त्यांच्या गावीही नसते. व्हेंडल कोपचाक ते ऐकायचा, आपला ग्लास संपवायचा आणि घरी जायचा. त्याचे भांडण या पोरांशी नव्हतेच.

त्याचे भांडण तळ्यापलीकडच्या पोर्ट लॅनिंगशी होते.

हेझलफोर्ड हॅमर्स हा बेसबॉलचा संघ तीन वर्षे लागोपाठ लीगमध्ये पहिला आला. तिसऱ्या वर्षी तर एकशे चाळीस सामन्यांतले एकशे चार जिंकले. आणि तिन्ही वर्षे अंतिम मालिकेत हरला, तिन्ही वेळा पोर्ट लॅनिंगकडून. हिवाळ्यात वर्तमानपत्रवाल्यांना लिहायला काही सुचले नाही, की ते 'अजिंक्यपद कधीच न मिळालेले थोर संघ' अशी यादी छापतात, आणि तिच्यात हॅमर्सचे नाव सगळ्यांत वर असते. लोकांना वाटते हा मोठा मान आहे. ज्याचे जळते त्याला कळते. थोर म्हणून पाठ थोपटायची आणि त्याच वाक्यात हरलेले म्हणून थोबाडीत द्यायची, असला मान व्हेंडलला नको होता.

तिसऱ्या, म्हणजे १९३८ च्या, मालिकेचा सातवा आणि शेवटचा सामना पोर्ट लॅनिंगच्या मैदानावर झाला. शेवटची इनिंग, हॅमर्स एका धावेने मागे, तिनांपैकी दोन गडी बाद, आणि व्हेंडल पहिल्या बेसवर. दुसरा बेस चोरायचा होता. बेसपासून चार पावले पुढे सरकून उभे राहायचे, पिचरने फलंदाजाकडे चेंडू टाकायला हात उचलला की सुटायचे, आणि कॅचरने फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसवरच्या गड्याने अंगाला टेकवायच्या आत तिथे पोचायचे. त्या मोसमात व्हेंडलने असे एकाहत्तर बेस चोरले होते. पोर्ट लॅनिंगचा कॅचर रोलंड बाब्कॉक याला तर त्याने तीन वर्षांत एकोणीस वेळा चकवले होते. बाब्कॉकला तो एकदाही सापडला नव्हता.

विसाव्या वेळी व्हेंडल सुटला आणि दुसऱ्याच पावलाला पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला. तो गुडघ्यांवर आपटला, उठला, धावला. पोचला तेव्हा त्यांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा गडी, टुली व्हॉस चेंडू हातात घेऊन त्याची वाट बघत उभा होता. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढच्या वसंतात कारखान्याच्या मालकाने संघ विकून टाकला आणि नऊ जणांची नऊ दिशांना तोंडे झाली.

पाच वर्षे व्हेंडल आपल्याच पायाला शिव्या देत होता. मग लढाईत भरती झाली, आणि सैन्याच्या एका छावणीत बटाटे सोलताना शेजारी बसला तो पोर्ट लॅनिंगचा एक जुना राखीव खेळाडू. त्याने हसत हसत सगळे सांगून टाकले. सामन्याच्या दिवशी पहाटे त्यांनी पहिल्या बेसपासून सहा पावलांवर, बरोबर व्हेंडलच्या वाटेवर, हातभर रुंद चर खणला होता. त्यात वाळू आणि दलदलीची काळी माती भरली, बादल्या बादल्या पाणी ओतले आणि वर कोरड्या मातीचा पापुद्रा पसरला. मैदानाचा माळी नुसता कंदील धरून उभा होता. कल्पना बाब्कॉकची, आणि फावडेही बाब्कॉकच्याच हातात.

तक्रार कुठे करणार? या खेळात ज्याचे मैदान त्याची माती. प्रत्येक गावचा माळी आपल्या संघाला सोयीचे गवत वाढवतो आणि सोयीची जमीन भिजवतो. हेझलफोर्डचा माळीही काही संत नव्हता. त्यावर कुरकुर करणारा रडका ठरतो, आणि हरलेला रडका म्हणजे तर विचारूच नका. शिवाय व्हेंडलला आतून एक गोष्ट जास्त खुपत होती. तो रेषेपासून दीड पाऊल मागे, बाहेरच्या मैदानाकडे, उभा राहिला असता, तर चर चुकला असता. पण सरळ रेषेतच धावायचे, तीच सगळ्यांत जवळची वाट, ही त्याची मिजास होती. बाब्कॉकने खड्डा नुसता जमिनीत खणला नव्हता, व्हेंडलच्या मिजाशीचे माप घेऊन खणला होता. हे कळल्यापासून त्याने मनात जी गाठ बांधली ती सुटली नाही.

मग १९६३ च्या जूनमध्ये पत्र आले. पोर्ट लॅनिंग क्लब आपल्या विजयाची पंचविशी साजरी करणार होता. दोन्ही संघांचे जे म्हातारे हयात असतील त्यांनी यावे, दुपारी जेवावे आणि मग तीन इनिंगचा मजेचा सामना खेळावा; कमी पडतील ते गडी क्लब देईल. क्लबच्या जाहिरातीचे काम बघणाऱ्या प्रुइट नावाच्या तरुणाने खाली लाडात येऊन लिहिले होते, की श्री. कोपचाक यांनी आपली ती प्रसिद्ध घसरण पुन्हा करून दाखवली तर लोकांना फार मौज वाटेल. आम्ही झारीने थोडा चिखल करून ठेवू, तुम्ही पडा, बाकीचे आम्ही सांभाळून घेऊ.

व्हेंडलने उलट टपाली होकार कळवला.

त्याची बायको अगाथा ते पत्र वाचून लालबुंद झाली. तिने त्याच्या प्रत्येक सामन्याचे कार्ड स्वतः पेन्सिलीने भरलेले होते, आणि असल्या बाबतीत ती लीगच्या अधिकाऱ्यांपेक्षा कडक होती. व्हेंडलने तिला सांगितले, की तो पडणार नाही, धावणार आहे. बेस चोरणार आहे.

"आणि ते काय करतील?" अगाथाने विचारले.

"हसत उभे राहतील."

"मग मी कार्डावर काही लिहिणार नाही. समोरच्याने अडवलंच नाही तर ती चोरी कसली? उघड्या दारातून आत शिरलास एवढंच होईल."

ती म्हणत होती ते खरेच होते. नियमच तसा आहे. कॅचरने चेंडू फेकायची तसदीच घेतली नाही, तर मिळालेला बेस चोरीचा म्हणून धरत नाहीत. म्हाताऱ्यांच्या मजेच्या सामन्यात तर कुणीच जीव तोडून खेळत नाही. पोटे सुटलेली माणसे हळूहळू धावतात, एकमेकांच्या टोप्या उडवतात, लोक टाळ्या वाजवतात. त्यात व्हेंडल एकटाच जिवाच्या आकांताने धावला असता, तर पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांदा हसे झाले असते. दोन दिवस तो क्रेनवर बसून विचार करत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला उमगले, की पाय तयार करणे हा निम्माच भाग आहे. आधी बाब्कॉकचे पित्त खवळायला हवे.

पायांसाठी त्याने दोन महिने घेतले. पाळी संपली की नदीकाठच्या ओल्या वाळूत जायचे, चार पावले घ्यायची, थांबायचे, झपकन सुटायचे. वय बावन्न, डावा गुडघा पाऊस यायच्या आदल्या दिवशीच दुखायला लागणारा. पहिल्या आठवड्यात तो जिना बसून उतरत होता. अगाथा गुडघ्याला कढत फडकी बांधायची आणि पोर्ट लॅनिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी जुना पिचर मॅट श्टोफ्को आपली गाडी घेऊन आला. नवांपैकी पाच जण मातीआड गेले होते. उरलेल्या चौघांत मॅट सगळ्यांत खुशालचेंडू. वाटेत त्याने व्हेंडलचा चेहरा ओळखला आणि समजूत घालायला सुरुवात केली. झाले गेले विसरावे, फुकटचे भाजलेले डुक्कर खावे, चार गप्पा माराव्यात.

"अरे, जगात जिंकलेले संघ ढिगाने पडलेत," तो म्हणाला. "त्यांना कोण विचारतं? आपलं नाव यादीत पहिलं आहे."

"मॅट, त्या यादीच्या जिवावर तू पंचवीस वर्षं फुकट बिअर पितोयस," व्हेंडल म्हणाला. "लोक तुझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना बिचारा दिसतो. माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना खड्डा दिसतो."

मॅटने गाडी पुलावर घातली.

जेवण मैदानाशेजारच्या मंडपात होते. बाब्कॉक दारातच उभा होता. धिप्पाड, टक्कल पडलेला, दात सगळे स्वतःचे. तो काउंटीच्या शेरीफपदाच्या निवडणुकीला उभा होता, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घेऊन हलवत होता. त्या हातात १९३८ च्या विजेत्यांना मिळालेली अजिंक्यपदाची अंगठी होती, लाल खड्याची, मटाराएवढ्या खड्याची. व्हेंडलला बघून त्याने त्याला कडकडून मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सांभाळून चाल रे बाबा, फरशी पुसली आहे." मंडप हसला. व्हेंडलही हसला. त्याला ते बरेच वाटले.

जेवणे झाली, गोड यायच्या आधी भाषणे सुरू झाली. पाहुण्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत असे प्रुइटने सुचवले. मॅटने उठायला खुर्ची मागे सरकवली, तेवढ्यात व्हेंडल उभा राहिला. समोर पोर्ट लॅनिंगचे सात विजेते, त्यांच्या बायका, नातवंडे, दोन वार्ताहर आणि शे-सव्वाशे मतदार होते.

"मी आभार मानायला उभा आहे," व्हेंडल म्हणाला. "पोर्ट लॅनिंगने माझा जेवढा सन्मान केला तेवढा हेझलफोर्डनंही कधी केला नाही. एका माणसाला घाबरून चांगली धट्टीकट्टी माणसं पहाटे उठतात, चर खणतात, पाणी वाहतात, हे कुठं बघायला मिळतं? त्या पहाटेच्या चराबद्दल इथं सगळ्यांना माहीत आहे. मी तक्रार करत नाही. मैदान तुमचं, माती तुमची."

काही जण हसले. चराची गोष्ट गावात गमतीची म्हणूनच चालत आली होती. बाब्कॉकने हात उंच करून आपणच तो, असे दाखवले आणि मग टाळ्या पडल्या.

"फक्त एक सांगतो," व्हेंडल पुढे म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "एकोणीस वेळा मी रोलंडला चकवलं. कोरड्या जमिनीवर त्याचा हात मला एकदाही थांबवू शकला नाही. त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा असता, तर त्यानं फावडं उचललं नसतं. तेव्हा वहिनी, राग मानू नका. पण तुमच्या नवऱ्याच्या बोटातली ती अंगठी त्या फावड्याची आहे. फावड्याला बोट नसतं म्हणून याला दिली."

मिसेस बाब्कॉक ताटाकडे बघत राहिल्या. त्यांच्या शेजारचा वार्ताहर वहीत लिहीत होता, आणि बाब्कॉकला तो लिहिताना दिसत होता. त्याच्या मानेपासून टकलापर्यंत रंग चढत गेला.

"कोपचाक, तू बावन्न वर्षांचा आहेस," तो म्हणाला.

"तूही आहेस. माळीही मेला तुमचा. आता बघू कोण कुणाला पकडतो."

व्हेंडल खाली बसला. मॅटने कपाळावर हात मारून घेतला आणि पुटपुटला, की केक पण गेला आणि पुडिंग पण गेलं. पण व्हेंडलच्या छातीत पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास भरला होता. बाब्कॉकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि त्या भर मंडपात झोंबल्या होत्या.

मैदानात उतरल्यावर फरक कुणाच्याही ध्यानात आला असता. पोर्ट लॅनिंगचे म्हातारे टोप्या उडवत नव्हते. बाब्कॉकने अंगठी काढून खिशात घातली आणि दहा मिनिटे दात-ओठ खात दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकून हात गरम केला. प्रेक्षकांना आणि प्रुइटला मात्र कशाचा पत्ता नव्हता. बँड वाजत होता, पोरे आइसक्रीम खात होती. अगाथा पहिल्या बेसच्या मागच्या बाकावर कार्ड मांडीवर घेऊन बसली होती.

ठरल्याप्रमाणे त्यांच्या पिचरने व्हेंडलला चार लांबचे चेंडू टाकून फुकट पहिला बेस द्यायचा होता. पिचर होता ऑरिन स्लेट, दाताचा डॉक्टर. त्याच्याही बोटात तीच अंगठी होती. त्याने पहिलाच चेंडू सगळ्या ताकदीने व्हेंडलच्या बरगडीत घातला. हे त्या दिवशी त्यांचे पहिले खरे खेळणे. व्हेंडल वाकला, कळ गिळली आणि मनात म्हणाला, आले, आले हे लोक वाटेवर. अंगाला चेंडू लागला की पहिला बेस आपोआप मिळतो. तो कुशीवर हात न ठेवता चालत गेला.

आता प्रुइट झारी घेऊन पळत आला. बँडने ढोल बडवला. त्याने पहिल्या बेसपासून सहा पावलांवर झारी उपडी केली, आणखी एक आणली, तीही केली. लोकांच्या हसून मुरकुंड्या वळल्या. मागून कुणीतरी ओरडले, "कोपचाक, पोहायला येतं का?" व्हेंडल चिखलाकडे बघत उभा राहिला, मग चार पावले पुढे येऊन त्या रेषेवरून मागे सरला. दीड पाऊल. तिथे जमीन कोरडी होती.

बाब्कॉकने ते पाहिले. मास्कमधून त्याचे डोळे दिसत नव्हते, पण त्याने स्लेटला केलेली खूण दिसली. स्लेट गर्रकन वळला आणि व्हेंडलला बेसबाहेर गाठायला चेंडू पहिल्या बेसवर फेकला. व्हेंडलने पोटावर झेप घेऊन बेस पकडला. लोक हसले. स्लेटने पुन्हा फेकला. व्हेंडलने पुन्हा झेप घेतली. या वेळी हनुवटी खरचटली आणि हसणारे कमी झाले. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा पहिल्या बेसवरच्या गड्याने तो हातमोज्यासकट व्हेंडलच्या कानावर आपटला. बँडवाल्यांनी वाद्ये मांडीवर ठेवली. हे म्हातारे मजा करत नाहीत, हे आता शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळले.

व्हेंडल उठला. अंगभर माती, कानात घंटा वाजत होत्या. त्याने पुन्हा दीड पाऊल मागे जाऊन चार पावले घेतली. स्लेटच्या डाव्या टाचेकडे बघत राहिला. ती टाच त्याने पंचवीस वर्षांपूर्वी पाठ केली होती. फलंदाजाकडे टाकणार असेल तर आधी ती उचलली जायची. दाताच्या डॉक्टरची टाच बदललेली नव्हती. ती उचलली गेली आणि व्हेंडल सुटला.

पहिले पाऊल कोरडे. दुसरे कोरडे. चिखल डाव्या हाताला राहिला. तिसऱ्या पावलाला गुडघ्यात सुरी फिरली आणि त्याने तिच्याकडे लक्ष दिले नाही. बाब्कॉक उभा राहिला हे त्याने बघितले नाही, बघायचे नसतेच. पण फेकताना तो कण्हला ते मैदानभर ऐकू आले. बावन्न वर्षांच्या माणसाने त्याहून चांगला चेंडू फेकणे शक्य नव्हते. सरळ, खाली, बेसच्या टोकावर. टुली व्हॉसने तो घेतला आणि हात खाली आणला. व्हेंडल उजव्या कुशीवर पडून घसरत आला होता. त्याचे बूट बेसला लागले आणि मग व्हॉसचा हातमोजा त्याच्या मांडीला लागला. आधी बूट, मग मांडी. दोघांनाही ते कळले.

दुसऱ्या बेसजवळचा अंपायर होबार्ट पोर्ट लॅनिंगचाच, बाब्कॉकच्याच चर्चला जाणारा. प्रुइटने त्याला सांगून ठेवले होते, की अंगठा वर करून नाटकी थाटात 'बाद' म्हणायचे. त्याचा अंगठा कमरेपर्यंत आलादेखील. मग तो थबकला. तीस वर्षे बेसवर उभा राहिलेला माणूस. बायकोशी खोटे बोलला असेल, बेसवर कधी बोलला नव्हता. त्याने दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे बाद नाही.

"सेफ," तो म्हणाला.

मग मॅट श्टोफ्को खुर्चीवर चढला आणि म्हातारा गळा फुटेपर्यंत बोंबलला. त्याच्या पाठोपाठ आणखी लोकांनी टाळ्या सुरू केल्या, पोर्ट लॅनिंगच्यासुद्धा. व्हेंडल बेसवर उभा राहिला. विजारीची कड फाटली होती, कुशीतून रक्त येत होते, डावा पाय टेकवत नव्हता. विसावा बेस. समोरच्याने जीव ओतून अडवलेला आणि तरी चोरलेला. त्याला एवढा आनंद झाला होता, की तोंड गच्च मिटून उभे राहावे लागले.

बाब्कॉक मास्क काढून मैदानाच्या मधून चालत आला. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, तो फेकीत दुखावला होता. छायाचित्रकार त्याच्या मागे धावला. व्हेंडलसमोर येऊन बाब्कॉकने डावा हात पुढे केला. चेहऱ्यावर शेरीफपदाचे हसू आणायचा त्याने प्रयत्न केला. ते जमले नाही, पण जे आले तेही प्रामाणिक होते.

"पोचलास," तो म्हणाला. "कबूल. फावडं माझंच होतं. आता फिटलं, व्हेंडल. हात मिळव."

सगळे मैदान त्या हाताकडे बघत होते. व्हेंडलने आयुष्यभर पाद्र्याकडून ऐकले होते, की सूड तोंडात गेला की कडू लागतो. असे म्हणणाऱ्यांनी तो कधी चाखलेला नसतो. कडू मुळीच नव्हता. गोड होता, आणि पोटभर झाला नव्हता. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या माणसाची धाव कुठे लागते? ती तिसऱ्या बेसवरून फिरून कॅचरच्या पुढ्यातल्या होमला पोचल्यावरच लागते. त्या दिवशी हॅमर्स एका धावेने हरले होते.

"फिटलं नाही," व्हेंडल म्हणाला. "आमची पाच माणसं हरलेली म्हणून मेली. जा, मास्क घाल. इथून होमपर्यंत अजून दोन बेस आहेत."

बाब्कॉकने हात खाली घेतला, तो वळला आणि दुखरा खांदा धरून आपल्या जागेकडे चालू लागला. स्लेटने चेंडू उचलला. व्हेंडलने बेस सोडला आणि तिसऱ्याच्या दिशेने पाऊल टाकले.